नऊ नंबरचे हातमोजे

बारा वाजून तीस मिनिटांनी लाईन थांबली आणि कोंडीरामला आपलेच कान ऐकू आले. कानांत बारीक शिट्टी वाजत होती. ती आत्ता सुरू झाली, की गेली अकरा वर्षं मशीनच्या आवाजाखाली वाजतच होती, हे त्याला कळेना. शेडमधल्या चारही लाईनी एकदम गप्प झाल्या होत्या. वर पत्र्यावर एक कबुतर चालत होतं, त्याच्या नख्यांचा आवाज येत होता. या शेडमध्ये कबुतरं आहेत हे त्याला विष्ठेवरून माहीत होतं. त्यांना आवाजही असतो हे आज कळलं. त्यानं मान वळवून पॅनेलकडं पाहिलं. सुपरवायझर निरंजन तिथं उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्याचं बोट अजून लाल बटणावर होतं. एकच बोट, तेही करंगळीशेजारचं, कारण बाकीच्या बोटांत त्यानं मोबाईल धरला होता. हातातला मोबाईल खाली ठेवायचीसुद्धा गरज पडली नव्हती. कोंडीराम त्या बोटाकडं बघत राहिला. लाईन थांबत नाही, असं त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. लाईन थांबवता येत नाही, एक मिनिट थांबली तर पुढं गाडीच्या कंपनीत गाडी अडते, तिथनं फोन येतो, तो फोन वरपर्यंत जातो. पावसाळ्यात नदीचं पाणी थांबवता येतं का, तसं ते सांगितलं होतं, आणि त्यानं ते तसंच धरलं होतं. लाईन वाहते, आपण काठावर उभं राहायचं. आणि आज ती एका बोटानं थांबली, आणि कुठंही काही झालं नाही. पत्रा पडला नाही, फोन वाजला नाही. कबुतर चालत होतं.

"चला, चला, जेवायला," निरंजन टाळ्या वाजवत म्हणाला, "सगळे एकत्र. हात धुवा आधी. साबण ठेवलाय."

चाकणच्या या कारखान्यात गाड्यांच्या सीटचे लोखंडी सांगाडे होतात. तीन नंबरच्या लाईनवर दहा माणसं, दहा जागा, आणि अकरावा कोंडीराम. त्याची जागा कुठलीच नाही. तो रिलीव्हर. एकाच्या जागी उभं राहायचं, तो जेवून येतो, मग दुसऱ्याच्या. अकरा वाजता एक नंबरपासून सुरुवात, एक वाजता दहा नंबरला शेवट. प्रत्येकाला बारा मिनिटं, त्यात जाणं, हात धुणं, डबा उघडणं, गिळणं, येणं. एक नंबरवाला अकरा वाजता जेवतो तेव्हा त्याला भूक नसते आणि दहा नंबरवाल्याची भूक एक वाजेपर्यंत मरून गेलेली असते. दर सोमवारी नंबर फिरवा म्हणून भांडणं होतात. एक वाजल्यावर लघवीचे हात वर व्हायला लागतात, मग त्यांच्या जागी उभं राहायचं. रिलीव्हरच्या जागी कोण उभं राहतं, हे कुणी कधी विचारलं नाही, आणि कोंडीरामनंही ते विचारायचं सोडून दिलं होतं. गेटच्या आत एका काचेमागं कायद्याचा मराठी तक्ता लावलेला आहे. कोंडीराम अक्षरं शिकला चाळिशी उलटल्यावर, मुलीच्या दुसरीच्या पुस्तकावर, तिच्याच शेजारी बसून. त्यामुळं रस्त्यात दिसेल ते वाचायची खोड त्याला अजून होती, उशिरा लागलेलं व्यसन सुटत नाही तशी. तो तक्ता त्यानं रोज बसमधून उतरल्यावर एक-एक ओळ असा महिनाभर वाचला होता. सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती. किमान म्हणजे काय, हे त्यानं घरी जाऊन दीक्षाला विचारलं. ती म्हणाली, "कमीत कमी, पप्पा." कमीत कमी अर्धा तास. त्या दिवशी तो पोटातल्या पोटात हसला होता. चिडला नव्हता. तो शब्द काचेमागं होता आणि लाईन काचेच्या बाहेर.

आज सकाळीच निरंजननं सगळ्यांना गोळा केलं होतं. "कस्टमरकडनं पाहुणे येतायत. परदेशी साहेब आहे, सोबत पुण्याच्या रुपाली मॅडम आहेत, मराठीत विचारतील. जेवायला किती वेळ मिळतो?"

"अर्धा तास," दहा-अकरा आवाज.

"रोज?"

"रोज."

चार नंबरचा ज्योतीराम, कपाळाला बाम चोळूनच कामाला येणारा लातूरकडचा गडी, मागून म्हणाला, "आन् जिलबी बी रोज असती म्हणून सांगायचं का, साहेब? का ती आजच्याच दिवसाची?" सगळे हसले, निरंजनही हसला. मग कोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं त्याला बाजूला नेलं. हात हलकाच होता. "काका, तुम्ही सीनियर. ते तुमच्याकडंच येणार. आणि ते तुमचं एक्स्टेन्शनचं पत्र आहे ना, ते माझ्याच टेबलावर आहे. आज-उद्या पाठवतो वर." मग जाता जाता, "आज विक्की रजेवर आहे. तुम्ही नऊ नंबरला उभं राहा. आज रिलीव्हरची गरज नाही, लाईन आपण थांबवणार आहोत."

डिसेंबरात कोंडीरामला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती, म्हणजे निवृत्ती. बायकोच्या, भिमाबाईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला विम्याच्या दवाखान्यानं फेब्रुवारीची तारीख दिली होती. नोकरी असली तर कार्ड, कार्ड असलं तर तारीख. डिसेंबर आणि फेब्रुवारी यांच्यामध्ये ते पत्र होतं, निरंजनच्या टेबलावर, बहुतेक त्याच्या चहाच्या कपाखाली. हे सगळं त्याच्या डोक्यात सकाळी सात वाजता नीट होतं. लाईन थांबवणार आहोत हे शब्दही त्यानं ऐकले होते, पण ते कानावरून गेले होते. थांबल्यावर ते आत शिरले.

त्यानं हातमोजे काढून नऊ नंबरच्या कठड्यावर ठेवले. ते ओले होते. आपले हातमोजे आतून कसे लागतात हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण तो कायम दुसऱ्यांचेच घालत आला. बारा मिनिटांसाठी नवीन जोड काढत नाहीत. जाणारा काढून ठेवतो, येणारा चढवतो. अकरा वर्षांत त्यानं या लाईनवरच्या कुणाला जेवताना पाहिलं नव्हतं. त्यानं पाहिली होती ती माणसं उठून गेल्यावरची जागा, आणि मोज्यांतली ऊब. ज्योतीरामच्या मोज्यांना आतून बामाचा वास येतो. आठ नंबरच्या अंजलीचे कोरडे असतात, पण अंगठ्याच्या टोकाशी फाटलेले, ती नखानं काहीतरी खरवडत असणार. एक नंबरवाल्या गणराजचे इतके घट्ट की आत बोटांना मुंग्या येतात. माणूस जेवायला पळाला की त्याची धास्ती मोज्यांत मागं राहते, दमट, आणि ती कोंडीराम आपल्या हातांवर चढवतो. नऊ नंबरच्या मोज्यांत पूर्वी रोहिदासचे हात असायचे. ते नेहमी घामेजलेले असायचे, हिवाळ्यातसुद्धा. रोहिदासला साखरेचा आजार होता. सकाळी पावणेसहाच्या बसला बसायच्या आधी तो दिघीच्या चौकातल्या दिव्याखाली उभा राहून पोटात सुई टोचून घ्यायचा, लाजत, पाठ करून. त्यानंतर वेळेवर खाल्लं नाही की त्याला कापरं भरायचं.

जेवणाच्या खोलीत पाऊल टाकलं आणि कोंडीराम दारातच थबकला. टेबलांवर पांढरी कापडं घातली होती. पंखे फिरत होते. ताटलीत जिलबी होती. परदेशी पाहुणा भिंतीशी हात बांधून उभा होता, मोठ्या नाकाचा, दमलेल्या चेहऱ्याचा माणूस. शेजारी रुपाली मॅडम, हातात फाईल. सगळे आपापल्या जागी बसलेसुद्धा. त्यांना जागा होत्या. बारा मिनिटांच्या का होईना, पण प्रत्येकाची आपली खुर्ची होती, कुणी खिडकीशी, कुणी पाण्याच्या पिंपाशी. कोंडीराम डबा हातात धरून उभा राहिला, लग्नात ओळखीचं कुणी नसलेल्या माणसासारखा.

"अवो कोंडीबा, बसा की," ज्योतीराम ओरडला. "का सवयीनं कुणाच्या तरी पाठीमागं उभं ऱ्हाताय? आज कुणी उठनार न्हाई तुमच्यासाठी."

अंजलीनं सरकून जागा केली. तो तिच्या समोर बसला. त्यानं डबा टेबलावर ठेवला, पण उघडला नाही. त्याला बघायचं होतं. ती सगळी जेवायला लागली तेव्हा त्याला आधी कळेचना की हे काय चाललंय. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पोळीचा तुकडा, भाजी, तोंडात, आणि तो घास खाली जायच्या आत पुढचा तुकडा बोटांत तयार. ज्योतीराम पाणी पीत पीत चावत होता. गणराजनं भात वरणात कालवून ग्लासानं प्यावा तसा प्यायला. सात मिनिटांत सगळे डबे पुसून झाले. आणि मग ती बसून राहिली. भिंतीवरचं घड्याळ बारा एकेचाळीस दाखवत होतं, एक वाजेपर्यंत कुणाला कुठं जायचं नव्हतं, आणि कुणाला काय करावं हे कळत नव्हतं. एकानं मोबाईल काढला, निरंजननं दुरून डोळे वटारले, त्यानं तो परत खिशात घातला. जिलबीकडं कुणी हात नेईना. अंजलीचे हात टेबलावर होते आणि ते चालत होते. उजवा हात काहीतरी उचलायचा, डावा धरायचा, उजवा दोनदा पिळायचा, सोडायचा. पुन्हा. आठ नंबरचे दोन स्क्रू. तिचं लक्षच नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि हात पांढऱ्या कापडावर नसलेले स्क्रू पिळत होते. कोंडीरामला एकदम तिच्यावर ओरडावंसं वाटलं, बंद कर ते. तो तिच्यावर चिडला नव्हता हे त्याला कळत होतं, पण कुणावर चिडायचं ते ठिकाण सापडत नव्हतं. अर्धा तास दिला तर आपल्याला तो खाता येत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी नुसती वेळ नेली नाही, तोंडातला घास चावायची रीतसुद्धा नेली. आणि आज कापड अंथरून बघायला बोलावलं, कसे खातात बघा.

कालची रात्र त्याच्या डोळ्यांपुढं आली. दीक्षा हिंजवडीहून कंपनीच्या गाडीतून आली, बूट काढता काढता कानातलं ते बोंडूक काढलं आणि डबा ओट्यावर ठेवला. भिमाबाईनं उघडला तर पोळ्या तशाच, भाजीला पाणी सुटलेलं.

"खाल्लं न्हाईस?"

"कॉल होता आई. एकामागं एक. म्यूट करून दोन बिस्किटं खाल्ली."

कोंडीरामचा पारा चढला. तो तिला वाट्टेल ते बोलला. एसीत बसून जेवायला मिळत नाही, कसली नोकरी, कसलं शिक्षण, याच्यासाठी शिकवलं का. दीक्षा शांतपणे ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तुम्ही जेवता का, पप्पा?"

"मी जेवतो का म्हणजे? डबा रिकामा येतो का न्हाई रोज?"

भिमाबाई भांडी घासत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "येतो की. रिकामा येतो. पण घरी येतो तवा डबा खरकटा ओला असतो. दुपारचं खरकटं वाळून जातं, एवढं मला कळतं. बसमधी खाता. मोशीच्या अल्याड का पल्याड, तेवढंच मला ठाव न्हाई."

नऊ वर्षं ती हे जाणून होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला होता. खाली रस्त्यानं रिक्षा जात होत्या, आळंदीच्या. त्यातली एखादी रोहिदासची असेल.

"काका, तुम्ही जेवत नाही?" रुपाली मॅडम त्याच्या शेजारी येऊन उभ्या होत्या. पाहुणा त्यांच्या मागं होता. निरंजन त्याच्याही मागं, हसत. "बसा, बसा. एक-दोनच प्रश्न. तुम्हाला जेवायला किती वेळ मिळतो?"

"अर्धा तास," कोंडीराम म्हणाला.

"रोज मिळतो ना? असाच?"

"हो. रोज."

त्यांनी फाईलवर खूण केली. पाहुण्यानं मान हलवली. ते पुढच्या टेबलाकडं वळले. एवढंच. त्याच्या जिभेनं ते इतक्या सराईतपणे सांगितलं की त्याला ते खरंच वाटलं क्षणभर. निरंजननं जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली, बैलाला मारतात तशी, दोनदा. ती थाप शर्टाच्या आत शिरली आणि तिथंच बसली.

आणि मग ते आलं, जे तो सकाळपासून अडवून धरत होता. नऊ वर्षांपूर्वीचा जून. दीक्षाचा दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागणार होता. भिमाबाईनं पहाटे उठून सुकट केलं होतं, ज्वारीच्या भाकरी, वर कांदा. म्हणाली, निकाल काय बी लागू, तुमी आज नीट बसून खा. तेव्हा तो एक वाजल्यानंतर, दहा नंबर उरकला की खोक्यांच्या मागं उभ्याउभ्या चार घास गिळायचा. त्या दिवशी निकालाच्या काळजीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि आठ नंबर उरकून नऊकडं जाताना तो खोक्यांपाशी थांबला. बसला. मांडी घालून बसला. डबा उघडला. सुकटाचा वास आला आणि त्याला वाटलं, पाच मिनिटं. पोरगी पास होणार. पाच मिनिटांनी काय होतं? त्यानं खाल्लं, सावकाश खाल्लं, कांदा बुक्कीनं फोडून खाल्ला. सहा मिनिटं. मग किंकाळी नाही आली, रोहिदास ओरडला नाही. मशीनचा ठोका फक्त वेगळा पडला. लोखंडावर पडतो तसा नाही, मऊ. अकरा वर्षांत तसा ठोका त्यानं एकदाच ऐकला आणि तो त्याच्या कानांतून कधी गेला नाही. रोहिदासच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्याला कापरं भरलं होतं, समोरचं अंधुक झालं होतं, आणि तो रिलीव्हरची वाट बघत उभा होता. त्यानं हात वर केला होता म्हणे, दोनदा. लाईन थांबत नाही म्हणून हात खाली घेतला.

तेव्हाचा सुपरवायझर वेगळा होता, ऑफिसातले साहेबही वेगळे. पण कागद तोच असणार, कपाटात. कोंडीरामला समोर बसवून कागद पुढं केला. त्यानं तो वाचला. सही कर म्हणाले तर म्हणाला, वाचतो आधी. ते हसले. त्यानं बोट ठेवून एक-एक अक्षर वाचलं. रिलीव्हर कामगार कोंडीराम हा स्वतःच्या जेवणासाठी थांबल्यामुळे वेळेवर पोहोचला नाही. ते खरं होतं. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. म्हणून त्यानं सही केली. उशिरा शिकलेली सही, पाय मोडलेली. आणि कागद ऑफिसात राहिला, तरी त्यातली अक्षरं तो घरी घेऊन गेला, अंगात घेऊन गेला. त्यानंतर कारखान्यात त्यानं घास घेतला नाही. साडेतीनला सुटल्यावर बसमध्ये, मोशी ओलांडली की, खिडकीकडं तोंड करून तो खातो. जेवतो म्हणत नाहीत त्याला. रोहिदास आता रिक्षा चालवतो, दिघी ते आळंदी. तीन बोटांच्या हातानं हँडल धरतो. चौकात भेटला की हॉर्न वाजवतो आणि विचारतो, "काय कोंडीराम, जेवलास का?" सगळेच एकमेकांना विचारतात ते. रोहिदासच्या मनात काही नसतं. नसेलच. पण नऊ वर्षं कोंडीराम त्या प्रश्नापुढं गुन्हेगारासारखा उभा राहिला, नऊ वर्षं तो ती चौकाची बाजू टाळून लांबून गेला, जय भीम करायलासुद्धा हात वर झाला नाही त्याचा. बायकोला खोटं बोलला. पोरीच्या निकालाचा पेढा त्यानं तोंडात घेतला नाही, तिला वाटलं बापाला मार्क कमी वाटले.

आणि लाईन एका बोटानं थांबते.

तो घड्याळाकडं बघत होता. बारा बावन्न. बावीस मिनिटं झाली लाईन थांबून. रोहिदासला सहा मिनिटं हवी होती. अहो, सहा. दोनदा हात वर केला होता त्यानं. पॅनेलपाशी कुणीतरी उभा असेलच, तो काय करत होता? त्याच्या हाताला बोटं नव्हती? त्या कागदावर लाईन होती का कुठं? त्यानं आठवून बघितलं, अक्षर अन् अक्षर आठवत होतं, उशिरा शिकलेल्याला आठवतं. लाईन नव्हती. बटण नव्हतं. तक्त्यावरचा अर्धा तास नव्हता. कोंडीराम होता आणि त्याचं जेवण होतं. सोयीचं खरं तेवढंच निवडून लिहिलं होतं त्यांनी, खड्यासारखं, आणि बाकीचं सगळं खरं टाकून दिलं होतं. आणि त्यानं, अक्षरं यायला लागली म्हणून माजलेल्या मूर्खानं, सगळं खरं आहे म्हणून सही केली होती. त्याची कानशिलं तापली. आत्ताचंही ते तसंच. रोज ना? हो, रोज. आणखी एक कागद झाला. उद्या कुणाची बोटं गेली तर हा कागद काढतील, कामगाराला अर्धा तास मिळत होता, कोंडीराम स्वतः म्हणाला.

त्यानं डबा उघडला. दोन भाकरी, मेथीची भाजी, आणि झाकणात, कागदात बांधून, सुकटाची चटणी. भिमाबाईनं नऊ वर्षांत सुकट दिलं नव्हतं. आज दिलं होतं. तो त्या चटणीकडं पाहत राहिला. मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. घास फिरेना. त्यानं पाणी पिऊन तो गिळला नाही. चावत राहिला. बत्तीस वेळा चावावं असं दीक्षाच्या पुस्तकात होतं, त्यानंच तिच्याबरोबर मोठ्यानं वाचलं होतं. त्यानं मोजले नाहीत, पण चावला, भाकरी गोड लागेपर्यंत चावला. मग दुसरा घास. समोर अंजलीचे हात थांबले होते. ती त्याच्याकडं बघत होती.

"काका, एक वाजत आला," ती हळूच म्हणाली.

"वाजू दे."

एकची घंटा झाली. खुर्च्या सरकल्या. सगळी एकदम उठली, सुटल्यासारखी, कामाला जायला मिळालं म्हणून बरं वाटल्यासारखी. खोली रिकामी झाली. कापडावर डाग, न खाल्लेली जिलबी, आणि कोंडीराम. त्याची पहिली भाकरीही अजून संपली नव्हती. बाहेर एक, दोन आणि चार नंबरच्या लाईनी सुरू झाल्याचा घरघराट आला. तीन नंबरचा आला नाही. नऊ नंबरला माणूस नसला की तीन नंबर सुरू होत नाही. रोहिदासच्या नंतर तिथं दोन बटणं बसवली, दोन्ही हात दोन्ही बटणांवर असल्याशिवाय मशीन ठोका टाकत नाही.

निरंजन आत आला. पाहुणे दारातच होते, म्हणून त्याच्या तोंडावर हसू तसंच होतं, पण आवाज दातांतून येत होता. "काका, चला. नऊ नंबर रिकामा आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"जेवतोय."

"काका, अर्धा तास झाला. लाईन थांबलीय तुमच्यामुळं."

"थांबती की," कोंडीराम म्हणाला. "मघाशी तुम्हीच थांबवली. बघितलं मी."

निरंजन वाकला, त्याच्या अत्तराचा वास भाकरीवर आला. "पत्र माझ्या टेबलावर आहे, काका. विसरू नका. काकूंचं ऑपरेशन आहे ना?"

कोंडीरामचा हात भाजीवर थांबला. भिमाबाई जिन्यावरून उतरताना कठड्याला धरून आडवी उतरते, एक पाय, मग दुसरा, लहान पोरासारखी. तिला वेदना झाली की ती देवाचं नाव घेत नाही, कुणाचंच घेत नाही, फक्त ओठ आत ओढते. फेब्रुवारी. तो उठणार होता. त्याच्या मांड्या उठायला लागल्यासुद्धा, त्यांना सवय होती. मग त्याला झाकणातली चटणी दिसली. पहाटे तिनं त्या गुडघ्यांवर उभं राहून ती कुटली होती. नीट बसून खा, एवढंच नऊ वर्षांपूर्वी म्हणाली होती. त्याच्या मांड्या पुन्हा खुर्चीला टेकल्या.

रुपाली मॅडम जवळ आल्या. पाहुणा घड्याळात बघून त्यांना काहीतरी विचारत होता. "काका, काही प्रॉब्लेम आहे का? तुमच्यासाठी लाईन थांबलीय म्हणतात. तुम्ही तर म्हणालात, रोज अर्धा तास मिळतो."

"मघाशी खोटं बोललो, बाई."

निरंजनचं हसू गेलं. कोंडीरामला वाटलं होतं आपला आवाज चढेल, कापेल. तो चढला नाही. घास चावता चावता, एकावर एक वीट ठेवावी तसा तो बोलला. "बारा मिनिटं मिळतात, एकामागं एक. मी त्यांच्या जागी उभा राहतो. माझ्या जागी कुणी नसतं. मी नऊ वर्षांनी आज इथं जेवतोय. त्याच्या आधी एकदा बसलो होतो जेवायला. सहा मिनिटं. त्याची चौकशी झाली होती. कागद आहे ऑफिसात, माझी सही आहे त्याच्यावर. तो काढायला सांगा यांना. वाचा. त्यात सगळं खरं लिहिलंय, फक्त लाईन थांबवता येती एवढंच लिहिलं न्हाई. ते तुम्ही आज बघितलं. ते लिहून घ्या खाली."

रुपाली मॅडमच्या हातातला पेन तसाच होता. पाहुणा त्यांच्याकडं बघत होता, त्या निरंजनकडं, निरंजन दाराकडं. दाराबाहेर तीन नंबरची लाईन दिसत होती. सगळे आपापल्या जागी उभे, मोजे घातलेले, हात कठड्यावर. ज्योतीराम मान लांब करून आत बघत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या लाईनवरची माणसं कोंडीरामसाठी थांबली होती. ती खूश नव्हती. अंजलीच्या चेहऱ्यावर भीती होती, गणराजच्या चेहऱ्यावर राग. गेलेला वेळ भरून काढायला सुटल्यावर सगळ्यांना थांबवून घेतील, हे त्याला दिसत असणार. कोंडीरामला त्यांचाही राग आला, आणि तो रागही त्यानं घासाबरोबर चावला.

"काका, शेवटचं सांगतो," निरंजन म्हणाला.

कोंडीरामनं त्याच्याकडं पाहिलं नाही. झाकणातला कागद सोडला. सुकटाचा वास पांढऱ्या कापडावर पसरला. संध्याकाळी तो दिघीच्या चौकातून, चौकाच्या मधूनच जाणार होता. रोहिदास हॉर्न वाजवील, विचारील.

बाहेर नऊ नंबरच्या कठड्यावर त्याचे हातमोजे गार पडत होते. कोंडीरामनं दुसरी भाकरी मोडली.